गोगलगाय डोक्यावर घेणारा भुंगेरा : ओळख आणि वर्गीकरण

आपल्या विद्यालयाच्या प्रयोगशाळेतील कपाटात, दुसऱ्या फळीवर, काचेचे झाकण असलेली एक लाकडी पेटी आहे. तिच्यातील टाचणीला टोचलेले कीटक अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असतील. काहींनी तर ते स्वतः वसतिगृहाच्या आवारात पकडून आणलेले आहेत. त्यांपैकी एका काळ्या भुंगेऱ्याखाली माझ्या हस्ताक्षरातील एक चिठ्ठी होती : 'जमिनीवर धावणारा शिकारी भुंगेरा. कुल : कॅराबिडी.' विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर असताना एक वर्ष तो विषय माझ्याकडे आला होता आणि इतिहासाच्या माणसाने एका पुस्तकातील चित्राशी ताडून पाहून ती चिठ्ठी लिहिली होती. रंग काळा, अंग लांबट, पाय लांब, रात्री जमिनीवर फिरणारा. चित्रातला भुंगेरा तसाच होता. ती चिठ्ठी चौदा वर्षे जागची हलली नाही.

पुढे कीटकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी आपली एक माजी विद्यार्थिनी स्नेहसंमेलनाला आली. पेटी उघडून ती बराच वेळ भिंगातून पाहत राहिली आणि संकोचाने म्हणाली, "सर, मागच्या पायाची पेरं मोजली होती का?" मी मोजली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून मोजली. पुढच्या आणि मधल्या पायांच्या पावलांना पाच-पाच पेरे होती. मागच्या पावलाला चार. तेवढ्यावरून तो भुंगेरा कॅराबिडी कुलातला नाही हे ठरले. तो टेनेब्रिओनिडी कुलातला, वाळका पालापाचोळा आणि सडके-कुजके खाऊन जगणारा, कोणाचीही शिकार न करणारा निरुपद्रवी जीव होता. चौदा वर्षांत किती मुलांनी ती चूक माझ्या नावावर विश्वास ठेवून वहीत उतरवून घेतली असेल, याचा हिशेब करण्याचे धाडस मला झालेले नाही.

जाताना त्या विद्यार्थिनीने जपानमधील एका भुंगेऱ्याविषयी काही वाचन सुचविले. "तुमच्याच चुकीची गोष्ट आहे, सर. फक्त तिथं ती नावातच लिहून ठेवली आहे." त्या वाचनातून जे हाती आले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो. लेखक कीटकशास्त्रज्ञ नाही, हे वाचकांनी ध्यानात असू द्यावे. मात्र पुरावा कसा तपासावा हा इतिहासाचाही विषय आहे आणि त्या वाटेनेच मी या भुंगेऱ्यापर्यंत पोहोचलो.

जपानी लोक त्याला 'माइमाइकाबुरी' म्हणतात. 'माइमाइ' म्हणजे गोगलगाय आणि 'काबुरी' म्हणजे टोपी घालावी तसे डोक्यावर घेणे. हा भुंगेरा आपले अरुंद डोके आणि लांब मान गोगलगाईच्या शंखात खुपसतो, तेव्हा त्याने शंखच डोक्यावर चढविल्यासारखा दिसतो. त्याचे शास्त्रीय नाव कॅराबस ब्लॅप्टॉइडीस. व्हिएन्ना येथील कीटकशास्त्रज्ञ विन्सेंझ कोलार यांनी १८३६ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी 'डॅमास्टर' ही नवी प्रजातीच निर्माण केली आणि त्याला 'डॅमास्टर ब्लॅप्टॉइडीस' असे नाव दिले.

त्या सालाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. १८३६ साली जपानचे दरवाजे युरोपला बंद होते. युरोपीयांपैकी फक्त डचांना, नागासाकीजवळच्या देजिमा या लहानशा कृत्रिम बेटावरून, व्यापाराची मुभा होती. अशा काळात जपानी रानातला एक भुंगेरा व्हिएन्नाच्या संग्रहालयातील मेजावर येऊन पडावा, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला भुंगेऱ्याइतकीच कुतूहलाची वाटते. पुढे १८५३ मध्ये अमेरिकन नौदल अधिकारी पेरी यांची जहाजे आली, १८५९ पासून योकोहामा, नागासाकी आणि हाकोदाते ही बंदरे परदेशी व्यापाऱ्यांना खुली झाली, आणि त्यानंतर या भुंगेऱ्याच्या नशिबी नावांचा केवढा पूर आला ते पुढे येईलच.

आता नावाचा अर्थ पाहू. 'ब्लॅप्टॉइडीस' म्हणजे 'ब्लॅप्ससारखा दिसणारा'. ब्लॅप्स ही टेनेब्रिओनिडी कुलातली, म्हणजे आमच्या पेटीतल्या भुंगेऱ्याच्याच कुलातली, एक प्रजाती आहे. ब्लॅप्स काळा असतो. त्याची दोन्ही पंखकवचे पाठीवर एकमेकांना जुळून गेलेली असतात, त्यामुळे तो उडू शकत नाही. आणि पंखकवचांच्या मागच्या टोकाला शेपटीसारखे अणकुचीदार टोक असते. माइमाइकाबुरीची गोष्टही नेमकी अशीच. काळा, जुळलेल्या कवचांचा, उडता न येणारा, मागे टोकदार. पाठीकडून पाहणाऱ्याने फसावे अशीच ही रचना आहे. कोलार यांचे कौतुक इतकेच, की त्यांनी त्याला 'ब्लॅप्ससारखा' म्हटले, 'ब्लॅप्स' म्हटले नाही. माझ्या चिठ्ठीत हा 'सारखा' नव्हता.

मग खरी ओळख पटवायची कशी? कीटक पालथा करावा लागतो. पाठीवरचा रंग, चमक, आकार ही पहिल्या नजरेला भुलविणारी लक्षणे आहेत. कुल ठरविणारी लक्षणे बहुतेक पोटाच्या बाजूला, पायांच्या बुंध्याशी आणि डोक्याच्या कडेला असतात. पहिली परीक्षा पेरांची. कॅराबिडी कुलात तिन्ही जोड्यांच्या पावलांना पाच-पाच पेरे असतात. टेनेब्रिओनिडी कुलात पाच, पाच आणि चार. दुसरी परीक्षा मागच्या पायांच्या बुंध्याची. कॅराबिडी आणि त्यांच्या जवळच्या कुलांमध्ये मागच्या पायाचे बुंध्याकडचे रुंद पेर इतके मागे सरकलेले असते, की पोटाचा दिसणारा पहिला पट्टा मधोमध दुभंगतो. हे लक्षण एकदा भिंगातून पाहिले की पुन्हा विसरत नाही. त्या बुंध्याला लागून घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा एक ठळक तुकडा असतो, तोही याच कुलाची खूण. तिसरी परीक्षा शृंगिकांची. कॅराबिडी भुंगेऱ्याच्या शृंगिका दोऱ्यासारख्या, अकरा पेरांच्या असतात आणि डोळा व जबडा यांच्या मधून उगवलेल्या स्पष्ट दिसतात. टेनेब्रिओनिडीमध्ये शृंगिकेचे मूळ डोक्याच्या कडेवरील एका कंगोऱ्याखाली झाकलेले असते, जणू वळचणीखाली. माइमाइकाबुरी या तिन्ही परीक्षांत कॅराबिडी ठरतो आणि ब्लॅप्स तिन्हींत बाहेर पडतो. पाठीवरच्या साम्याचे वजन या तीन खुणांपुढे काहीच उरत नाही.

(आपल्याकडील मुलांना कॅराबिडी पाहायचा असेल तर पहिल्या पावसानंतर माळावर 'अँथिया सेक्सगुटाटा' शोधावा. चांगला बोटाएवढा काळा भुंगेरा, छातीवर दोन आणि पंखकवचांवर चार असे सहा पांढरट ठिपके. मात्र त्याला हातात धरू नये. तो दाहक द्रव फवारतो. माइमाइकाबुरीही तेच करतो. त्याच्या फवाऱ्यात मुख्यतः मेथाक्रिलिक आम्ल असते आणि ते डोळ्यांत गेले तर इजा होते.)

कुल ठरले. त्यापुढे प्रजाती. कॅराबिडी हे फार मोठे कुल आहे. त्यात सुमारे चाळीस हजार जीवजातींची नोंद झाली आहे. त्यातील कॅराबस ही प्रजाती लिनियस यांनी १७५८ साली स्थापिली. माइमाइकाबुरीला आज बहुतेक अभ्यासक याच कॅराबस प्रजातीत ठेवतात आणि कोलार यांच्या 'डॅमास्टर'ला तिची उपप्रजाती मानतात. काही जण अजूनही डॅमास्टरला स्वतंत्र प्रजातीचा मान देतात. येथे नामकरणाचा एक छोटा नियम सांगण्यासारखा आहे, कारण तो पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. शास्त्रीय नावापुढे वर्णनकर्त्याचे नाव व साल लिहितात. ती जीवजाती मूळच्या प्रजातीतच राहिली असेल तर ते नाव उघडे लिहितात; ती दुसऱ्या प्रजातीत हलविली गेली असेल तर ते कंसात घालतात. 'डॅमास्टर ब्लॅप्टॉइडीस कोलार, १८३६' आणि 'कॅराबस ब्लॅप्टॉइडीस (कोलार, १८३६)' या दोन्हींत फरक फक्त कंसाचा, पण तो कंस म्हणजे एका स्थलांतराची नोंद आहे.

माइमाइकाबुरीसारखे अरुंद डोके आणि लांब मान इतर काही भुंगेऱ्यांनाही असते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत आढळणारे सायक्रस आणि त्याचे नातलग गोगलगाई खातात आणि त्यांचेही डोके असेच निमुळते असते. पण ते कॅराबिडीच्याच दुसऱ्या शाखेतले आहेत. एकसारख्या अन्नामुळे एकसारखा आकार दोनदा स्वतंत्रपणे घडला. उलट कोरिया, चीन आणि रशियाचा अतिपूर्व भाग येथे राहणारे कॉप्टोलॅब्रस या उपप्रजातीचे भुंगेरे हिरवे-तांबडे झगमगणारे असले, तरी माइमाइकाबुरीचे खरे जवळचे नातलग तेच. कोरिया आणि क्यूशू यांच्यामधील त्सुशिमा बेटावर त्यांच्यापैकी एक राहतो. जपानी लोकांनी त्याला 'काबुरी-मोदोकी' म्हणजे 'काबुरीची नक्कल' असे नाव दिले आहे. लोकांच्या नजरेने नक्कल म्हटले आणि वर्गीकरणाने त्यालाच भाऊबंद ठरविले.

आता नावांच्या पुराकडे वळू. बंदरे उघडल्यावर नौदलातील शल्यविशारद, वनस्पतिसंग्राहक, चहाचे व्यापारी असे नाना प्रकारचे लोक जपानमध्ये पोहोचले आणि त्यांच्या पेट्यांतून भुंगेरे युरोपात जाऊ लागले. १८६१ साली मोत्शुल्स्की यांनी उत्तरेकडील होक्काइडो बेटावरचा भुंगेरा 'रुगिपेनिस', म्हणजे सुरकुतलेल्या पंखांचा, म्हणून वेगळा नोंदविला. त्याच वर्षी आर्थर अ‍ॅडम्स यांनी 'फॉर्च्युनी' हे नाव दिले. चीनमधून चहाची रोपे भारतात आणणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्युन यांच्या सन्मानार्थ. १८६२ मध्ये शाउम यांचा 'ऑक्स्युरॉइडीस' आला. अ‍ॅमेझॉनच्या रानातील अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८७३ मध्ये जपानमधील जमिनीवरच्या भुंगेऱ्यांवर मोठा निबंध लिहिला आणि आणखी भर घातली. चहाच्या व्यापारात असलेल्या जॉर्ज लुईस यांनी १८८० मध्ये 'व्हिरिडिपेनिस' म्हणजे हिरव्या पंखांचा, आणि १८८१ मध्ये सादो बेटावरील 'कॅपिटो' म्हणजे मोठ्या डोक्याचा, अशी नावे दिली. पन्नास वर्षांच्या आत कोलार यांच्या एका भुंगेऱ्याला हे इतके सगळे सोबती मिळाले, आणि प्रत्येकजण स्वतंत्र जीवजाती म्हणून!

या लोकांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्यासमोर काय होते ते पाहिले पाहिजे. पश्चिम जपानमधला माइमाइकाबुरी पूर्ण काळा आणि सडपातळ. होन्शूच्या उत्तर टोकाकडचा छातीवर तांबूस-जांभळी धातूसारखी चमक आणि पाठीवर हिरवी झाक असलेला. होक्काइडोचा वेगळ्याच रंगाचा. सादो बेटावरचा जाड मानेचा, मोठ्या डोक्याचा, जणू कुस्तीगीर. पेटीत एकेक-दोनदोन नमुने, मधल्या प्रदेशातले काहीच नाही. अशा स्थितीत कोणीही हे वेगवेगळे प्राणी आहेत असेच म्हणेल. मधल्या डोंगरांतून नमुने येऊ लागले तेव्हा कळले की रंग आणि आकार एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाताना हळूहळू एकमेकांत मिसळत जातात. विसाव्या शतकात मग ही सारी नावे 'कॅराबस ब्लॅप्टॉइडीस' या एकाच जीवजातीखाली उपजाती म्हणून आणली गेली. नाव कोलार यांचेच राहिले, कारण ते सर्वांत आधीचे. प्राणिनामकरणात अग्रक्रमाचा नियम आहे.

सादोच्या 'कॅपिटो'विषयी मात्र अधिक सांगितले पाहिजे, कारण तेथे प्रश्न केवळ नावाचा राहत नाही. एकाच जीवजातीत एक सडपातळ आणि एक जाडजूड असे दोन देह का असावेत? जपानी संशोधक कोनुमा आणि चिबा यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या भुंगेऱ्यांना गोगलगाई खायला घालून पाहिले. सडपातळ भुंगेरा शंखाच्या तोंडातून डोके आत घालतो, पाचकरस ओततो आणि विरघळलेले मांस शोषून घेतो. पण शंख फोडण्याएवढी ताकद त्याच्या जबड्यांत नसते. जाड डोक्याचा भुंगेरा शंख फोडू शकतो. पण तोंड अरुंद असलेल्या शंखात त्याचे डोके शिरत नाही. जबड्याला बळ हवे तर डोक्यात स्नायूंना जागा हवी, आणि जागा वाढली की डोके शंखात मावत नाही. दोन्ही एकाच देहात साधत नाही. गोगलगाईही स्वस्थ बसलेल्या नाहीत. होक्काइडोमधील एक गोगलगाय भुंगेरा जवळ आला की शंखात दडून बसण्याऐवजी तोच शंख गदेसारखा फिरवून त्याच्यावर हाणते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदविले आहे.

इतके वेगळे देह असूनही ती एकच जीवजाती कशी? कोनुमा, सोता आणि चिबा यांनी सादोचा जाड भुंगेरा आणि मुख्य बेटावरचा सडपातळ भुंगेरा यांचा संकर घडवून आणला. पिल्ले झाली, त्या पिल्लांनाही पुढे संतती झाली, आणि आकारातील हा मोठा फरक थोड्याच जनुकांच्या बळावर उभा असावा, असे त्यावरून दिसले. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडलेली आणि आजही सर्वाधिक वापरली जाणारी व्याख्या अशी, की निसर्गात जे आपापसांत संतती निर्माण करतात किंवा करू शकतात ते एका जीवजातीचे. देखावा कितीही भिन्न असो.

येथे भाषेविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'स्पीशीज' या शब्दाला 'जाती' आणि त्याखालच्या पायरीला 'उपजाती' असे प्रतिशब्द आहेत. वर्गात हे शब्द उच्चारताना मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत, आणि म्हणूनच या लेखात जेथे शक्य तेथे 'जीवजाती' लिहिले आहे. शब्द एक असला तरी वस्तू अगदी उलट आहेत, हे मुलांना एकदा तरी स्पष्ट सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात जातीचे मूळ लक्षण म्हणून जातीअंतर्गत विवाहाचे बंधन दाखवून दिले. म्हणजे जे एकमेकांशी सहज जोडले गेले असते, त्यांना नियमाने वेगळे ठेवणे. भुंगेऱ्यांच्या बाबतीत अभ्यासक नियम घालत नाही. तो फक्त पाहतो की ते स्वतःहून जोडले जातात की नाही, आणि त्यावरून रेषा काढतो किंवा पुसतो. माझ्या एका विद्यार्थ्याने हे ऐकून विचारले होते, "मग सर, माणसांची जीवजाती एकच ना?" परीक्षेत हा प्रश्न एका गुणाचा असतो. त्या दिवशी तास तिथेच संपला.

अर्थात ही व्याख्या वाटते तितकी सरळ चालत नाही, आणि हे जमिनीवरच्या भुंगेऱ्यांइतके क्वचितच कोणी दाखवून दिले असेल. त्यासाठी माइमाइकाबुरीच्या एका दूरच्या चुलत घराण्याकडे जावे लागेल. ओहोमॉप्टेरस ही कॅराबसचीच एक उपप्रजाती, केवळ जपानमध्ये आढळणारी. तिच्यातील पंधरा-सोळा जीवजाती पाठीवरून पाहता जवळजवळ एकसारख्या तांबूस-काळ्या दिसतात. तेथे ओळख पटते ती नराच्या जननेंद्रियातील एका कठीण तुकड्यावरून आणि मादीच्या शरीरातील त्याला अनुरूप अशा खोबणीवरून. कुलूप आणि किल्ली यांचीच उपमा शास्त्रज्ञ वापरतात. प्रत्येक जीवजातीची किल्ली निराळी : कोणाची आखूड व रुंद, कोणाची लांब, ओसाकाजवळील कोंगो डोंगराच्या परिसरातील 'उएनोइ'ची तर विलक्षण लांब. सोता आणि कुबोता यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 'मायासानुस' आणि 'इवावाकियानुस' या शेजारी राहणाऱ्या दोन जीवजातींचे मीलन घडवून पाहिले. नराचा तुकडा कित्येकदा मोडला. मादीच्या शरीरातील पडदा फाटला आणि माद्या मेल्याही. चुकीच्या कुलपाची किंमत अशी शरीराने मोजावी लागते. तरीही जेथे दोघांच्या हद्दी भिडतात तेथे संकरित भुंगेरे सापडतात. कुलूप घट्ट आहे, पण अभेद्य नाही.

यातूनच गेल्या तीस वर्षांतील एक मोठा वाद उभा राहिला. ताकात्सुकी येथील बायोहिस्टरी रिसर्च हॉल या संस्थेत स्योझो ओसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील कॅराबस भुंगेऱ्यांच्या मायटोकाँड्रियातील डीएनए तपासण्याचे काम हाती घेतले. ते शक्य झाले हौशी संग्राहकांमुळे. नोकरीधंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी डोंगर धुंडाळणाऱ्या या माणसांनी ठिकाणाच्या व तारखेच्या नोंदींसह आपले नमुने दिले. ओहोमॉप्टेरसच्या डीएनएवरून वंशवृक्ष काढला तेव्हा सारेच चकित झाले. किल्लीच्या आकारावरून ज्यांना एक जीवजाती मानले होते, ते भुंगेरे वृक्षावर विखुरलेले होते. आणि एका प्रदेशात राहणाऱ्या वेगवेगळ्या जीवजाती एकाच फांदीवर होत्या.

ओसावा यांचा निष्कर्ष असा, की एकच आकार वेगवेगळ्या प्रदेशांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा घडला. तेजी सोता यांचे म्हणणे निराळे. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. शेजारच्या दोन जीवजातींत अधूनमधून संकर झाला तर एकीचा मायटोकाँड्रिया दुसरीत शिरून तेथेच पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो, देहाचे बाकी सारे पूर्ववत राहूनही. सोता आणि व्होग्लर यांनी २००१ मध्ये पेशीकेंद्रातील जनुके तपासली, तेव्हा त्यांचा वृक्ष मायटोकाँड्रियाच्या वृक्षाशी जुळला नाही. देहाच्या लक्षणांशी अधिक जुळला. मला सोता यांची बाजू पटते. इतिहासातही एकाच साधनावरून वंशावळ लिहिली की ती त्या साधनाची वंशावळ होते, घराण्याची नव्हे. आईकडून आलेली दागिन्याची पेटी पाहून साऱ्या घराचे मूळ गाव ठरवावे, तशातला तो प्रकार.

माइमाइकाबुरीच्या बाबतीत मात्र मायटोकाँड्रियाने एक मोलाची गोष्ट दाखविली. जपानभरच्या नमुन्यांचे दोन मोठे गट पडतात : पूर्वेचा आणि पश्चिमेचा. त्यांच्यामधील सीमा होन्शू बेटाला मधोमध छेदणाऱ्या मोठ्या भूस्तरीय भेगेच्या आसपास येते. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी जपानचा भूभाग आशिया खंडापासून तुटला तो दोन तुकड्यांत, दुपाखी दार उघडावे तसा, असे भूशास्त्र सांगते. उडता न येणारा भुंगेरा जमिनीबरोबर जातो. म्हणून ओसावा यांच्या गटाने त्या दोन गटांची फारकत त्याच घटनेशी जोडली. पुढील काही अभ्यासकांना हा काळ फार जुना वाटतो; त्यांच्या गणिताने फारकत बरीच अलीकडची ठरते. दोन गट आहेत याविषयी मतभेद नाही, घड्याळाविषयी आहे. काळ्या पाठीखाली एवढा जुना नकाशा असेल हे कोलार यांच्या स्वप्नातही आले नसेल.

एक गोष्ट केवळ आनंदासाठी सांगतो. जपानीत या साऱ्या भुंगेऱ्यांना 'ओसामुशी' म्हणतात. 'मुशी' म्हणजे कीटक. ओसामू नावाच्या एका मुलाला लहानपणी या भुंगेऱ्यांचे इतके वेड होते, की त्याने आपल्या नावापुढे कीटकाचे चिन्ह जोडून तेच आपले लेखननाम केले. तोच पुढे जपानचा सर्वश्रेष्ठ चित्रकथाकार ओसामू तेझुका म्हणून ओळखला गेला. भगवान बुद्धांच्या जीवनावरील 'बुद्ध' ही त्याची अनेक खंडांची चित्रकथा आपल्या मुलांनी आवडीने वाचली आहे. सहीतला तो भुंगेरा आता त्यांनी शोधावा.

राहिली आमच्या पेटीतली चिठ्ठी. मी ती फाडून टाकायला निघालो होतो, तेव्हा त्या विद्यार्थिनीने हात धरला. संग्रहालयांत जुनी चिठ्ठी कधी काढीत नाहीत, तिने सांगितले. नमुन्याची ओळख बदलली की नवी चिठ्ठी नव्या अभ्यासकाच्या नावासह आणि सालासह त्याच टाचणीत जुनीच्या खाली टोचतात. म्हणजे कोणी, केव्हा, काय समजले होते ते पुढच्या माणसाला वाचता येते. काही नमुन्यांखाली अशा चार-पाच चिठ्ठ्यांची चळत असते. तिने खिशातून पेन काढले, बारीक अक्षरात 'कुल : टेनेब्रिओनिडी' असे लिहिले, खाली आपले नाव आणि साल घातले, आणि मला टाचणी उचलून धरायला सांगितली. दोन्ही चिठ्ठ्या आज तेथे आहेत. स्नेहसंमेलनाच्या दिवशी प्रयोगशाळा उघडी राहील. भिंग मेजावर ठेवलेले असेल आणि मागच्या पायाची पेरे खिडकीजवळच्या उजेडात चांगली दिसतात.